लाल पेनवाल्या मॅडम

गडचिरोलीच्या कॉलेजात पत्रकारिता शिकवणाऱ्या मॅडम आपले संशोधनाचे निबंध माझ्याच दुकानात टाइप करून घेतात. वाघाच्या हल्ल्याची बातमी छापून आली की त्या कात्रण घेऊन एसटीनं त्या गावी जातात. मोह वेचणाऱ्या बायांना ते वाचून दाखवतात आणि बाया सांगतील ती चूक लाल पेनानं दुरुस्त करतात.

परवा एक निबंध संशोधन पत्रिकेकडून परत आला. संदर्भसूचीतून गावातल्या बायांची नावं काढा, असा शेरा होता.

"काढून टाकू का, मॅडम?" मी विचारलं.

"काऊन? बातमीवाला जंगलात गेलाच नाई, तरी त्याचं नाव चालते. ह्या बाया वाघासमोर उभ्या होत्या."

चष्मा पुसत त्या माझ्या शेजारी बसल्या.

"बोल्ड करा, भाऊ."