पासवर्ड बदलल्यानंतर

माझ्या थोरल्या जाऊबाई पालीला भितात, कुत्र्याला भितात, लिफ्टमध्ये एकट्या पाऊल टाकत नाहीत. तरी घर सोडून आलेल्या बायकांच्या निवाऱ्याचं ऑफिस त्याच सांभाळतात. वेबसाइटही त्यांच्याकडेच, कारण मदत मागणाऱ्या बायका तिथल्या पत्त्यावर मेल करतात. साइट आणि तिचे मेल जिथून चालवतात त्या होस्टिंगच्या पॅनेलमध्ये शिरायचं झालं की जाऊबाई त्याचा पत्ता स्वतः टाइप करतात, एकेक अक्षर पुटपुटत. मी त्यावरून त्यांची भरपूर चेष्टा केली आहे.

नेमका हा नेम त्यांनी परवा मोडला. ‘साइट आज बंद होणार, इथे लॉगिन करा’ असा मेल आला, आणि घाबरून त्यांनी त्यातल्याच लिंकवर पासवर्ड दिला. पान हुबेहूब आपलंच वाटत होतं. पासवर्ड गिळून ते कोरं झालं.

आज चहा पिताना त्यांनी मला हे सांगितलं.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“तू हसली असतीस.”

हे मला लागलं, पण रुसायला वेळ नव्हता. पत्ता टाइप करून आम्ही आत शिरलो, पासवर्ड बदलला, बाकी सगळीकडची लॉगिन बंद केली, फोनवर कोड येईल अशी सोय केली. “सुटलो गं बाई,” जाऊबाई म्हणाल्या. मी सहज मेलची सेटिंग उघडली. येणाऱ्या प्रत्येक मेलची प्रत भलत्याच पत्त्यावर जात होती. कुलूप बदललं होतं, भिंतीला भोक तसंच होतं.

ते बुजवलं. पण काल एका बाईचं उत्तर आलं होतं आणि त्याची प्रतही गेली होती, त्याखाली जाऊबाईंचा मजकूर जसाच्या तसा: ‘दवाखान्याच्या थांब्यावर उतर. मी हिरवी छत्री घेऊन उभी असेन.’ वर तिने लिहिलं होतं, ‘उद्या पाचच्या बसमध्ये मुलीला घेऊन ड्रायव्हरच्या मागे बसते.’ आपला नवरा कॉम्प्युटरचीच कामं करतो, हेही तिनेच आधी कळवलं होतं. तिचा फोन त्याच्या ताब्यात, मेल ती शेजारणीच्या फोनवरून करायची. ती एव्हाना घरून निघालेली. कळवणार कसं?

जाऊबाईंनी घड्याळ पाहिलं. त्या उठल्या. “छत्री राहू दे. आपण आधीच्या थांब्यावर बस धरू.”

बस आली. ड्रायव्हरच्या मागे एक बाई, मांडीवर पोर. जाऊबाई तिच्या शेजारी बसल्या. “मेलवाली मीच. तुझा नवरा कदाचित थांब्यावर असेल. उतरू नकोस, पुढे जाऊ.”  तिने जाऊबाईंचा पदर मुठीत धरला.

दवाखान्याचा थांबा आला. गर्दीपासून जरा बाजूला एक माणूस उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, अगदी शांत. असा शांत माणूस पाहून मी इतकी कधीच घाबरले नव्हते.

“बाबा,” पोर म्हणाली, आणि तिने खिडकीतून हात हलवला.

आईने तो हात ओढून मांडीत दाबून धरला. दार लागलं, बस हलली. तो रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत हिरवी छत्री शोधत होता.