एकाच चिकाच्या कुरडया

बदनापूर तालुक्यातल्या बचत गटांच्या कुरडयांना गुण द्यायचं काम सलग तीन वर्षं माझ्याकडे होतं. कुरडई खायची आणि वहीत आकडा लिहायचा. पहिल्या तीन गटांना जालन्याच्या प्रदर्शनात टेबल मिळे. एका गावातल्या बौद्ध वस्तीचा गट तिन्ही वर्षं राहून गेला. चौथ्या वर्षीही काम माझ्याकडेच आलं, तेव्हा तिथल्या बायकांनी निरोप धाडला, यंदा टेबल मिळालं नाही तर गट मोडतो.

समजूत घालायला मी गेले. गटप्रमुख बाईंची मुलगी संभाजीनगरला डिझाइन शिकून आली होती. नव्या पाकिटाचा रंग दाखवणार, असं गृहीत धरून मी आधीच म्हटलं, "पाकिटानं कुरडईची चव बदलत नसते, बाई."

"तेच बघायचंय मॅडम," मुलगी म्हणाली.

आई आत तळत होती. मुलीनं दोन ताटल्या आणल्या, पुढे दोन कार्डं उभी केली. एकावर गावातल्या वरच्या आळीच्या गटाचं नाव, जो दरवर्षी पहिला यायचा. दुसऱ्यावर त्यांचं स्वतःचं.

"खा अन् लिवा," आतून आवाज आला.

मी पहिलीला आठ दिले, दुसरीला सहा. कारणही सांगितलं. "ही जरा चिवट आहे. चीक कमी शिजलाय."

आई झारा घेऊनच बाहेर आली. "मॅडम, दोन्ही माझ्याच हैत. एकाच चिकाच्या, एकाच कढईतल्या."

मी पुन्हा खाऊन बघितल्या. आता दोन्ही सारख्या लागल्या. जात बघून मी गुण दिले नव्हते, हे मी शपथेवर सांगितलं असतं. मला ती खरोखरच चिवट लागली होती. म्हणजे त्या शपथेला काही अर्थ नव्हता, आणि वहीतल्या तीन वर्षांच्या आकड्यांनाही.

मुलगी ताटल्या उचलायला लागली. मीच विचारलं, हे जमवलं कसं? तिनं पिशवीतून टाकून दिलेली कार्डं काढली. एकाचा कागद पिवळट होता, एकावरचं अक्षर मोठं झालं होतं. "तुम्ही म्हणला असता, रंगामुळं तसं वाटलं. म्हणून नाव सोडून सगळं बराबर सारखं केलं." एवढी चिकाटी मी पदार्थ करणाऱ्यांतही क्वचित पाहिली आहे.

त्या वर्षी ताटल्यांवर फक्त आकडे ठेवले. नावांची यादी बंद पाकिटात. पद्धत तिची, सही माझी. वस्तीचा गट दुसरा आला.

"मंग पहिला का न्हाई?" आई तणतणली.

"आई, मीठ जास्त पडल्तं."

"तू कोणाकडून हाईस गं?"

"खाणाऱ्याकडून."

आईनं तिच्याकडं पाठ फिरवली आणि जालन्याच्या टेबलाचं माप आणायला मला पाठवलं. मी गेले.