शोरूमची काच कुणी फोडली?

ती दुपार माझ्या अजून पक्की लक्षात आहे. मे महिन्यातलं ऊन होतं, ठाण्यातला पंखा गरम हवाच फिरवत होता आणि मी नुकताच डबा उघडला होता. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आले. "साहेब, हायवेवरच्या मोटारसायकल शोरूमवर दगडफेक झाली म्हणतात. समोरची काच फुटली, एक पोरगी जखमी आहे." डबा झाकला आणि निघालो. पोलिसाचा डबा बायको मनापासून भरते आणि संध्याकाळी मनापासून रागावते, हे आमच्या खात्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ही हकिगत अंबड तालुक्यातली, वडीगोद्रीच्या बाजूच्या एका मोठ्या गावातली. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि रोज एकमेकांना दिसतात.

रस्ता रुंद झाला तशी तिथली दुकानं बदलली होती. पूर्वी लोखंडी शटर आणि वर पत्रा असला की दुकान झालं. आता औषधं विकायची असोत की मोबाईल, समोर अख्खी काच पाहिजे. काचेतून ऊन येतं म्हणून एसी, एसी पुरत नाही म्हणून आतून पडदा. एवढा खटाटोप करून शेवटी दिवसा ट्यूबलाइट लावून बसायचं. मला या प्रकाराचं हसू यायचं, पण धंदा त्यांचा, बिल त्यांचं.

शोरूमची ती काच माणसाच्या दुप्पट उंचीची होती. मी पोहोचलो तेव्हा चौकट रिकामी होती आणि फरशीवर काचेच्या बारीक खड्यांचा सडा पडला होता. काउंटरवरच्या मुलीच्या भुवईवर खोल जखम झाली होती. डोळा वाचतो की नाही, हे जालन्याचे डॉक्टर सांगणार होते. तिचे वडील रिकाम्या चौकटीसमोर उभे होते. "साहेब, ज्यानं केलं त्याला आजच्या आज आत टाका," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

संशय कुणावर, हे विचारायचीही गरज पडली नाही. रस्त्याच्या पलीकडे एका वेल्डरचं दुकान होतं. शटर, ग्रिल, लोखंडी खिडक्या हे त्याचं काम. गावात काच आणि अॅल्युमिनियम आल्यापासून त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं. चहाच्या हॉटेलात चारचौघांत तो बोलून गेला होता, "ही काच एक दिवस खाली येनार, लिहून ठेवा." आणि काच पडताच दुकान बंद करून तो गायब झाला होता. अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला, तरी गावानं ते नाव मनात कधीच लिहून टाकलं होतं.

संध्याकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. वेल्डर मंठ्याकडे बहिणीच्या गावी होता. सकाळी हवालदार जाऊन त्याला घेऊन आले. ठाण्याबाहेर गर्दी जमली, तिच्यात मुलीचे वडील सगळ्यात पुढे.

मी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिताना माणसाचे हात पाहावेत, अशी माझी सवय. त्याच्या बोटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने-नवे डाग होते, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

"पळालास कशाला?"

"साहेब, फुटल्याचा मोठा आवाज झाला आन मला माझं बोलनं आठवलं. मंग पायच थांबले न्हाईत."

"दगड मारलास?"

"बिलकुल न्हाई. मी आत ग्रिल जोडून राह्यलो होतो. शाळेच्या खिडक्यांचं काम भेटलंय, वर्षातलं पहिलं मोठं काम. ते सोडून दगड मारीन का?"

शाळेचं काम खरं होतं. थोड्याच वेळात मुख्याध्यापकांचा फोन आला. ते सज्जन गृहस्थ, अडखळत म्हणाले, "साहेब, त्याच्यावर केस होणार असेल तर आम्हाला दुसरा कारागीर बघावा लागेल. मुलांची शाळा आहे, पालक विचारतात." मी त्यांना संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. वेल्डरनं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलं आणि मान खाली घातली.

पंचनाम्यात एक दगड जप्त केला होता. तो मी पुन्हा शोरूममध्ये नेऊन दाखवला. तिथला शिपाई म्हणाला, "साहेब, ह्यो तर आमचाच. मागचं दार वाऱ्यानं आपटतं, तिथं लावायचा." कुणीतरी गर्दीत तो उचलून पुढे आणला होता आणि आम्ही मुकाट्यानं त्याला लेबल लावलं होतं. हवालदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं.

मी परत फिरणार, तेवढ्यात जालन्याहून काचेचा ठेकेदार आला. पहिली काच त्यानंच बसवली होती, आता नवीन मागवायची होती. मोजायच्या टेपची पट्टी काढून त्यानं चौकट वरून मोजली, खालून मोजली, मधून मोजली. मग पुन्हा वरून. शोरूमचे मालक वैतागले. "अहो, परत परत काय मोजता? जुनी काच ह्याच चौकटीत बसली होती की न्हाई? तेच माप पाठवा."

ठेकेदारानं मान वर न करता चौकट पुन्हा खालून मोजायला घेतली. त्याच्या हातातली पट्टी मात्र सर्रकन् आत गेली. जुन्या मापावर त्याचाच भरवसा नव्हता, हे मला दिसलं.

"जुन्या मापाची का नको?" मी विचारलं.

"खात्री केलेली बरी, साहेब."

"पहिल्या वेळी केली नव्हती का?"

त्याला ठाण्यात घेऊन गेलो. आवाज चढवावा लागला नाही. चहा समोर ठेवला, तो त्यानं घेतला नाही, आणि हळूहळू सगळं सांगितलं. चौकट गवंड्यानं किंचित तिरकी बसवली होती आणि यानं माप एकाच बाजूनं घेतलं. काच कारखान्यातून आली ती थोडी मोठी. ही काच टफन, म्हणजे भट्टीत तापवून एकदम गार केलेली. एकदा तशी झाली की तिला कापायचं नसतं, घासायचं नसतं. धंद्यातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

"दुसरी यायला पंधरा दिवस लागले असते, साहेब. अक्षय तृतीयेचं उद्घाटन ठरल्यालं, पत्रिका वाटल्याल्या. मालक म्हनत होते, काही करा पन काच लावा. मंग मी कडेला ग्रायंडर मारला, चौकटीत दाबून बसवली आन वरून सिलिकॉन भरलं. दिसायला बराबर दिसत होती."

दिसायला बराबरच होती. मेच्या उन्हात चौकट आणि काच दोन्ही फुगल्या, घासलेली कड कमजोर होतीच, आणि कुणी बोट न लावता काच फुटली. तज्ज्ञाचा अहवाल पुढे हेच म्हणाला. निष्काळजीपणानं दुखापत केल्याचा गुन्हा ठेकेदारावर लागला. मुलीचा डोळा वाचला, भुवईवर व्रण राहिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी वेल्डरला म्हणालो, "जा घरी. तुझ्यावर काही नाही."

तो उठला नाही. "साहेब, असं मागच्या दारानं नका सोडू. मला जीपमधून आनलं, समद्या चौकानं बघितलं. आता सोडलं हे कोन बघनार? मी सांगितलं तर म्हनतील, पोलिसांला चारले पैसे."

मी टोपी घातली आणि त्याला जीपमध्ये पुढे, माझ्या शेजारी बसवलं. ऊन उतरलं होतं, चौक भरलेला होता. गाडीतून उतरून मी मोठ्यानं सांगितलं, "काच यानं फोडली नाही. ती चुकीची बसवली म्हणून फुटली. याला आम्ही चौकशीला नेलं होतं, चौकशी संपली."

आदल्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं बोलणारे चहाच्या कपात बघत होते. मुलीचे वडील तिथंच होते. ते वेल्डरजवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रडायला लागले. वेल्डरही रडला. मी जीपमध्ये जाऊन बसलो आणि मुख्याध्यापकांना फोन लावला.

त्यानंतर मी जिथं जिथं नोकरी केली, तिथं गाडीतून आणलेला माणूस निर्दोष निघाला की त्याच गाडीतून त्याच जागी परत सोडला, तोही दिवसाउजेडी. डिझेलवरून कुरकूर व्हायची. मी ती ऐकून घ्यायचो, कारण संशय आम्ही सरकारी गाडीतून मिरवत आणतो आणि निर्दोषपणाला मात्र पायी घरी पाठवतो, हे त्या दिवशी मला एका ग्रिलवाल्यानं दाखवून दिलं होतं.