चिंध्या म्हणणाऱ्या नणंदेचा आज पाहुणचार केला

मैत्रिणींनो, आज काळजाला लई गार वाटतंय.

माझ्या लग्नात सासरच्यांनी माझ्या अण्णांना टॉवेल-टोपीचा आहेर केला. टॉवेल इतका विरविरीत की आरपार दिसावं. खरेदी नणंदेची. "शेतातल्या माणसाला काय, घाम पुसायला कायबी चालतंय," असं ती भर मांडवात हसत म्हणाली. अण्णांनी ऐकलं अन् टॉवेल घडी घालून पिशवीत ठेवला. खांद्यावर कधीच टाकला न्हाय. परवा माहेराहून मीच तो मागून आणला.

मेकअप पुसून रोज कापूस फेकायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून मी घरीच जुन्या कापडाचे गोल पॅड शिवते. धुतले, वाळवले की पुन्हा वापरायचे. नणंद त्यांना चिंध्या म्हणते.

आज उमरग्यात तिच्या लेकीचा साखरपुडा झाला. फोटो आटोपले, मेकअप पुसायला बसलो अन् कापूस संपला. नणंदेनं विचारलं, "वैनी, तुझ्या त्या चिंध्या हैत का गं?"

मी त्या टॉवेलाचे चार पदरी पॅड पुढं केले. तिनं लिपस्टिक पुसली, काजळ पुसलं. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "लई मऊ हाय गं. कुठलं कापड?"

"वन्सं, तुमच्याच पसंतीचं. माझ्या अण्णांच्या आहेराचा टॉवेल."

तिचा हात गालावरच थांबला. "धुऊन देते," एवढंच पुटपुटली.

"राहू द्या वन्सं. घाम पुसायला कायबी चालतंय."

टॉवेलाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. तुमच्याकडंबी अशी कुणी असंल तर सांगा, शिवून देते.