सगळी फॅमिली घेऊन या!

फॅमिली थेरपीवर संशोधन करायचं, म्हणजे दुसऱ्यांच्या घरातली भांडणं ऐकायची आणि त्यांना इंग्रजीत नावं द्यायची. अलिबागजवळच्या एका कॉलेजात मी हेच करते. पेपर छापून यायला वर्षं लागतात. किस्से मात्र रोज ताजे, बाजारातल्या मासळीसारखे!

*

रेवदंड्याच्या एका कोळी जोडप्याला मी फोनवर म्हटलं, "सगळी फॅमिली घेऊन या."

टेम्पो भरून माणसं आली! कोपऱ्यातल्या बाईंना विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण. यांचं भांडण मलाच जास्त ऐकू येतं!"

*

आमचे विभागप्रमुख देवधर सर म्हणजे 'सर्वांना समान मानसिक आरोग्य' या विषयातले अधिकारी पुरुष. त्यावरचं चर्चासत्र त्यांनी किहीमच्या रिसॉर्टमध्ये घेतलं. समानता एसीतच जास्त स्पष्ट दिसते ना! चर्चेला बोलावलेल्या गावातल्या बायकांना वॉचमनने गेटवरच अडवलं. मी सांगायला धावत आत गेले, तर सर माइकवर कळवळून विचारत होते, "या महिला आपल्यापर्यंत पोहोचत का नाहीत?"

*

एकदा रुखसाना नावाची एक बाई माझ्यासमोर आणि तिचा नवरा दुबईहून व्हिडिओ कॉलवर. "घरी फोन का करत नाही?" असं तिने विचारलं की साहेबांचा स्क्रीनवर पुतळा!

"नेटवर्क गेलं वाटतं," मी म्हटलं.

"कसलं नेटवर्क, मॅडम! मागचा पंखा बघा, फिरतोय!"

*

माणगावचे एक काका-काकू. वर्षानुवर्षं एकमेकांशी अबोला. सगळा कारभार मुलीमार्फत. "आईला सांग, मीठ कमी हाय." "बाबांना सांग, बरणी समोरच हाय." मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली आणि घरातली लाइनच कट! शेवटी तिनेच दोघांना माझ्याकडे धाडलं.

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, हिला सांगा, पोरगी गेल्यापासून घर खायला उठतंय."

काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, ह्यांना सांगा, मलाबी तसंच होतंय."

अशा वेळी काय बोलायचं, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. त्या दिवशी मला त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ!

मग काकांनी कुरकुरत खुर्ची वळवली, बायकोकडे. "ऐकलंस काय गो?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"मी काय बहिरी हाय?"