एका साडीच्या दोघी

सकाळी पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरात पोहे भिजवत होते. "काकी, आई गेली," एवढंच राजू म्हणाला आणि रडायला लागला. येते म्हटलं, पोह्यांवर झाकण ठेवलं आणि कपाटापुढं जाऊन उभी राहिले. रोह्याला जायचं म्हणजे साडी बदलायला हवी. कपाट उघडलं, हात पुढं केला, आणि मनात पहिला प्रश्न काय यावा... आज वहिनीला कुठं जायचं नाही ना? जिच्या मयताला निघाले होते तिलाच विचारत होते, मी निघू का म्हणून. कपाटात पंचवीस-तीस साड्या टांगलेल्या आणि बाई अशी वेड्यासारखी उभी. याला आता सव्वा महिना झाला. तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ, सुलोचना. तोंडावर मी तिला कायम अहोजाहो केलं, मनात मात्र अगंतुगं. आता ऐकायला ती नाही, तर मनातलंच लिहिते. ती कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली, मिठागरात राबणाऱ्या घरातली. मी पेणच्या बाजारपेठेत वाढलेली, तिच्यापेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेली आणि त्याचा तोरा मिरवणारी. एक्याण्णव साली लग्न होऊन रोह्याला आले. दोन खोल्या, मागं पत्र्याची पडवी. थोरले दीर एका कंपनीत कायम होते, माझा नवरा तिथंच कंत्राटावर. माझ्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच कंपनीला कुलूप लागलं. दीर घरात बसले ते बसलेच. नवरा मिळेल त्या शिफ्टला मिळेल तिथं जाऊ लागला आणि अख्खं घर वहिनीच्या हातावर आलं.

तिनं ते कसं चालवलं हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. चहाची पत्ती सकाळी उकळायची, वाळवायची आणि संध्याकाळी पुन्हा उकळायची. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी कापून आतलं बोटानं पुसून घ्यायचं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. भाताची पेज तिनं कधी ओतून दिली नाही. मीठ घालून ती आधी सगळ्यांना प्यायला द्यायची आणि मग भात वाढायची, म्हणजे अर्धी भूक तिथंच मरायची. सुकटीची चटणी तर अशी जहाल करायची की माणूस दोन घासांत तांब्याभर पाणी प्यायचा. मला या सगळ्याचा संताप यायचा. पेणला गेले की आईपुढं रडायचे, तुम्ही मला सासर नाही, जेल बघून दिलीत म्हणायचे. आई म्हणायची, अगं निदान जाऊ तरी चांगली आहे. मी म्हणायचे, तीच तर जेलर आहे.

आणि ते दंड घालणं! साडी मधोमध विरली की तिथून सरळ फाडायची, विरलेला पट्टा काढून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे, याला दंड घालणं म्हणतात. वहिनीचा दंड इतका बारीक असायचा की शिवण बोटाला लागायची नाही, पण जोड नजरेला दिसायचाच. मला तिनं पहिल्याच पावसाळ्यात पडवीत बसवून शिकवलं. माझे टाके वाकडे जायचे, ती उसवायची आणि पुन्हा सुई हातात द्यायची. चौथ्यांदा उसवल्यावर मी सुई फेकली. तिनं पडवीभर हात फिरवून सुई शोधली, कारण सुईलाही पैसे पडतात, आणि मग म्हणाली, जरा दम खा गो, मग बस.

खरी अडचण झाली ती नणंदेच्या लग्नात. मानपानाच्या साड्या आणायच्या कुठून? वहिनीनं तिची आणि माझी ट्रंक उघडली. आमच्या चांगल्या साड्या धुतल्या, पेज लावून कडक केल्या, गरम निखाऱ्यांचा तांब्या फिरवून इस्त्री केली आणि नव्या म्हणून वरपक्षाच्या बायकांना दिल्या. कुणाला कळलंही नाही. मी मात्र मांडवात माझाच लग्नातला हिरवा शालू दुसरीच्या हातात जाताना पाहिला आणि मागं जाऊन रडले. एकच साडी उरली, वहिनीची वांगी रंगाची, कारण स्टोव्हचा भडका उडून तिच्या पदराला भोक पडलं होतं आणि भोकाची साडी मानाला चालत नाही. पदर आत दुमडून पिन लावली की भोक दिसायचं नाही. तेव्हापासून दोघींत मिळून बाहेर नेसायची साडी ती एवढीच. बाकीच्या सगळ्या दंड घातलेल्या.

म्हणजे झालं असं, की एक बाहेर गेली की दुसरी घरात. लग्न असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, आम्ही दोघी कधीच एकत्र गेलो नाही. आळीतल्या बायकांना वाटायला लागलं की या जावांचं पटत नाही. एकीनं तर मला विचारलंच, काय गो, थोरलीचं तोंड बघवत नाय का तुला? मी घरी येऊन तणतणत सांगितलं. वहिनी पोळीची कणीक मळत होती, ती हसायला लागली. म्हणाली, बोलू दे, भांडतात म्हनलेलं बरं, साडी नाय म्हनलेलं वाईट. मग आम्ही ते नाटक वठवलंही. कुणी हळदीकुंकवाला बोलवायला आलं की ती आत भांडी आपटायची आणि मी बाहेर तोंड फुगवून बसायची. येणारी बाई गेली की दोघी पडवीत हसून लोळायचो. पण खरं सांगते, त्या हसण्यातसुद्धा गुदमरायला व्हायचं. दुपारी ती साडी नेसून वहिनी कुठं गेली की मी त्या दोन खोल्यांत दीरांच्या खोकल्याबरोबर बसून असायची आणि दाराकडं बघायची. ती येईपर्यंत मला दार नव्हतंच म्हणा ना.

पंच्याण्णव सालची गोष्ट. पेणच्या एका बालवाडीत शिक्षिका हवी होती. मी नवऱ्याच्या मागं लागून अर्ज केला आणि मुलाखतीचं कार्ड आलं. गुरुवार. कार्ड वाचून मी उडीच मारली, आणि मग वहिनीच्या तोंडाकडं बघितलं. त्याच गुरुवारी तिच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. दोन वर्षं ती माहेरी गेली नव्हती. तिचे वडील थकले होते, निरोपावर निरोप पाठवत होते, सुलू कधी येतेय म्हणून. ती रोज राजूला सांगत होती, आता आठ दिवस राहिले, आता सहा. दंडाची साडी नेसून ती जाऊ शकत नव्हती का? नव्हती. चार पाहुण्यांत, कंपनीवाल्याच्या घरी दिलेली लेक जोडलेल्या कापडात आलेली बघितली असती तर तो म्हातारा तिथंच खचला असता. कंपनी बंद पडल्याचं तिनं माहेरी कळू दिलेलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळ झाली. मग तिनं तांब्यात निखारे घातले, वांगी साडीला इस्त्री केली आणि घडी आणून माझ्या ट्रंकेवर ठेवली.

"तू जा गो. माजं म्हायार काय पळून जातंय व्हय?" ती म्हणाली. "कासूच्या टेसनात भाव आलाच, तर सांग त्याला, ताप आलाय."

इथं माझ्या तोंडून निघायला हवं होतं, वहिनी, नको, तुम्ही जा. एकदा तरी, वरवर तरी. नाही निघालं. मी मान हलवली आणि पिना शोधायला लागले. मला त्या घरातून सुटायचं होतं, आणि ती साडी म्हणजे सुटायचं दार होतं. आज लिहिताना स्वतःचीच कीव येत नाही, राग येतो.

सकाळच्या गाडीत खिडकीशी बसले. नागोठणं गेलं, कासू आलं. गाडी थांबली आणि फलाटावर धुतलेला सदरा घातलेला एक माणूस माझ्या खिडकीकडं धावत आला, हसत, हात वर करून. गजानन, तिचा भाऊ. खिडकीजवळ आल्यावर त्याला माझं तोंड दिसलं. हात तसाच राहिला.

"साडी बघून वाटलं, ताय आली," तो म्हणाला.

मी ताप आलाय म्हटलं. किती, कधीपासून, औषध दिलं का... तो विचारत होता आणि मी धडाधड खोटं बोलत होते. गाडी हलली तशी त्यानं हातातली पिशवी खिडकीतून आत दिली. आत मिठागरातलं जाडं मीठ आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. ताय आली की तिच्या हातात द्यायची म्हणून आणलेली. ती मांडीवर घेऊन मी पेणला उतरले, मुलाखत दिली आणि नोकरी मिळाली. संध्याकाळी पिशवी वहिनीपुढं ठेवली. तिनं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि विचारलं, काय म्हनाला? मी म्हटलं, सवडीनं ये म्हणाले. तो खिडकीशी जे बोलला ते मी तिला सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही.

दीड महिन्यात तिचे वडील गेले. निरोप आला तेव्हा आम्ही दोघी उठलो आणि अंगावरच्या साड्यांत तशाच गाडीत बसलो. दोघींच्याही साड्या दंडाच्या. मयताच्या घरी कोण साडी बघतंय? नागोठण्यापर्यंत ती रडत होती. मग डोळे पुसून माझ्याकडं बघत म्हणाली, "आज दोघी एकदम निघालो गो." तिनं ते साधेपणानं म्हटलं, टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवाळीला मी मानधनातून साठवून पेणच्या बाजारातून तिच्यासाठी रेशमी साडी आणली. चिंतामणी रंग, बारीक जरीचा काठ. तिनं देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि ती उचलून माझ्याच हातात दिली. घडी तू मोड, म्हणाली. आपल्याकडं नवी साडी आपण आधी नेसत नाही; जिच्यावर जीव आहे तिला एकदा नेसायला देतो, तिनं घडी मोडली की मग आपण. मला ते कळत होतं, तरी मी भडकले. म्हटलं, ही एक साडी तरी तुम्ही आधी नेसा. मी आधी नेसले की पुन्हा तोच गुरुवार होणार, हे मनात होतं, ते बोलता आलं नाही. ती म्हणाली, तू मोडल्याबिगर मी नेसायची नाय. मी म्हटलं, मग राहू दे ट्रंकेत. दोघीही हट्टी. दर सणाला ती ट्रंक उघडायची, मोड गो घडी म्हणायची, आणि मी तोंड फिरवायची.

अठ्ठ्याण्णवला नवऱ्याला डोलवीकडं काम मिळालं आणि आम्ही पेणला बिऱ्हाड केलं. पुढं दिवस पालटले. राजू मिळवता झाला, दोन्ही घरांत साड्यांना तोटा राहिला नाही. वांगी साडीलाही शेवटी दंड पडला आणि मग तिची गोधडी झाली. चिंतामणी मात्र तशीच राहिली. फोनवर हल्लीही वहिनी शेवटी विचारायची, कधी येतेस घडी मोडायला? मी हसून दुसरंच काहीतरी बोलायचे. एकदा नेसले असते तर काय बिघडणार होतं? तिला तेवढंच हवं होतं आणि तेवढंही मी दिलं नाही.

तेराव्यानंतर राजूच्या बायकोनं ती साडी माझ्या पुढ्यात ठेवली. आई सांगून गेल्यात म्हणाली, ही काकींना, घडी त्याच मोडणार. पेणला आणली, चार दिवस नुसती बघितली, आणि मग उलगडली. मधल्या दोन घड्यांवर रेशीम टरकन फाटलं. इतकी वर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम, जाणारच होतं. मी फाटका भाग धरून मोठमोठ्यानं रडले, दिवस करताना रडले नव्हते तेवढी. मग सुई-दोरा घेतला. विरलेला पट्टा काढला आणि दंड घातला. टाके वाकडेच गेले. उसवायला कोणी नव्हतं.

परवा गुरुवारी ती नेसले. कासूला जायचं ठरवलं होतं. गजानन आता सत्तरीला आलाय; त्याला सांगायचं होतं की बाबा, तुझ्या बहिणीला त्या दिवशी ताप नव्हता. पिशवीत पेणचे पापड घेतले, पदराला पिन लावली. पट्टा काढल्यानं साडी आखूड झालेली, माझ्या या देहाला जेमतेम दोन निऱ्या आल्या. वहिनीच्या काटकुळ्या अंगाला बरोब्बर झाली असती. दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला, आणि सवयीनं मागं वळून विचारलंच... वहिनी, तुम्हाला कुठं जायचं नाही ना आज?

तू जा गो, असं आतून कोणी म्हणालं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली. मग पिशवी खाली ठेवली आणि तशीच, साडी नेसून, दाराकडं बघत बसून राहिले.