टर्की नसलेल्या देशातला शिकारी

ज्या देशात रानटर्की हा पक्षी औषधालासुद्धा सापडत नाही, त्या देशात तीस वर्षे टर्कीची शिकार करणारा, आणि तीही बंदुकीवाचून करणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल. आणि ते माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा होते. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोक गावाच्या कडेला, जिथे ऑफिसांच्या काचेच्या इमारती संपतात आणि बीच वृक्षांची करडी, ओलसर झाडी सुरू होते, तिथे त्यांचे घर. तरुणपणी नोकरीनिमित्त ते दोन वर्षे अमेरिकेत होते. तिथल्या एका सहकाऱ्याने एका पहाटे त्यांना डोंगरात नेले, लाकडी पेटीचे खडू चोळलेले झाकण तिच्या कडेवर घासून टर्कीच्या मादीचा आवाज काढला, आणि दरीच्या पलीकडून उत्तर आले. त्या एका उत्तरावर मामा जन्मभर जगले. पुढे नशिबाने त्यांना इंग्लंडात आणले. दुसऱ्या कोणी अशा वेळी छंद बदलला असता. मामांनी देशाकडे दुर्लक्ष केले.

"बंदूक ही शेवटची पायरी," ते म्हणत. "आधीच्या सगळ्या पायऱ्या मी शिकवतो." या पायऱ्यांसाठी त्यांना मुले लागत. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात आरती संपून प्रसादाची रांग लागली, की मामा रांगेतल्या मुलांचे कान न्याहाळत हिंडत. निवडलेल्यांना पुढच्या रविवारी सकाळी रानात हजर राहण्याचे फर्मान सुटे. आईबापांना वाटे, छान, मुलांचे निसर्गभ्रमण होईल. प्रत्यक्षात मुलांना एका झाडाला पाठ टेकवून तासभर बसवले जाई. न हलता, न बोलता, न खोकता. शिकार म्हणजे धावणे, हा मुलांचा समज पहिल्या दहा मिनिटांत मावळे आणि शिकार म्हणजे मुंग्या येणे, हे ज्ञान विसाव्या मिनिटाला होई. "आजोबा, माझा पाय झोपली आहे," कुणीतरी कुजबुजे. "मग तूही तिच्यासारखा गप्प राहा," मामा म्हणत.

त्यांचे हत्यार म्हणजे मामींचा सागवानी करंडा. मामी गेल्यावर त्यातले कुंकू त्यांनी हलक्या हाताने एका बाटलीत काढून ठेवले, कडा कानशीने घासल्या आणि झाकणाला खडू चोळला. त्यातून निघणारा "क्यॉक्, क्यॉक्, क्यॉक्" हा आवाज ओल्या लाकडाचा, थोडा चंदनाचा आणि बराचसा तक्रारीचा असे. "ही अशीच हाक मारायची मला, स्वयंपाकघरातून," असे मामा अगदी गंभीरपणे सांगत.

शिकारीच्या डब्याचे त्यांचे शास्त्र स्वतंत्र होते. कुरकुरीत पदार्थाला रानात मज्जाव. एका दिवाळीनंतर मंडळातल्या एका मुलाने खिशात चिवड्याची पुडी आणली आणि तिच्या चुरचुरीने झाडावरची कबुतरे उडाली, तेव्हापासून चिवडा, चकली, शेव, इतकेच काय, ताजे सफरचंदसुद्धा काळ्या यादीत गेले. मान्यता फक्त मऊ शिऱ्याला, दहीभाताला आणि गूळ-तूप घालून वळलेल्या पोळीच्या लाडवाला. आदल्या दिवशी हिंगाची फोडणी आणि डोक्याला खोबरेल तेल, दोन्ही बंद. माझ्या नऊ वर्षांच्या इराने एकदा शाळेच्या लायब्ररीतले पुस्तक पुढे केले. "आजोबा, टर्कीला स्मेल नीट येतच नाही. इथे लिहिलंय."

"पुस्तक टर्कीनं लिहिलंय का?" मामांनी विचारले, आणि प्रश्न निकालात निघाला.

नियम मात्र खरे दोनच होते. रानात तोंडाने बोलायचे नाही. शेजाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगायचे. एकदा दाबले तर उत्तर नाही, दोनदा दाबले तर उत्तर आले. आणि रानात खोटे बोलायचे नाही. "हातानंसुद्धा नाही," ते बजावत. "रान ऐकत असतं." तीस वर्षे त्यांनी मुलांचे गुडघे एकेकदाच दाबले, हे त्यांच्या सचोटीचे मोठे प्रमाणपत्र आहे.

एक मूल जाई, दुसरे येई. कुणाला फुटबॉल बोलावी, कुणाला व्हायोलिन. दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यापर्यंत एकटी इरा उरली होती; तिचे म्हणणे असे, की तिथला पोळीचा लाडू आपल्या घरच्यापेक्षा चांगला असतो. त्याच हिवाळ्यात मामांच्या कानांनी त्यांची साथ सोडायला सुरुवात केली. एका दुपारी त्यांनी गॅसवर वांगे भाजायला ठेवले. स्मोक अलार्म किंचाळत राहिला, शेजारची बाई मागच्या दाराने आत धावली, तर वांग्याच्या खरपूस धुरात मामा शांतपणे शब्दकोडे सोडवत बसलेले. लंडनमधल्या स्टॅनमोरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने मग एकच धोशा लावला. "बाबा, आता पुरे झालं. तुम्ही आमच्याकडे या."

"येईन," मामा म्हणाले. "एक कान तयार झाला की येईन."

मुलाला वाटले, ते श्रवणयंत्राविषयी बोलत आहेत. ते इराविषयी बोलत होते. मी तेव्हा तिथेच चहा गाळत होते. त्यांच्या आवाजातली घाई मी पहिल्यांदाच ऐकली. हे रान कुणालातरी ऐकू येतेय, एवढी खात्री करूनच त्यांना ते सोडायचे होते.

आणि मग डिसेंबरात, तीस वर्षांच्या चिकाटीला भुलल्यासारखा, एक टर्की आला. पलीकडच्या शेतकऱ्याकडे नाताळसाठी पाळलेल्या काळ्या-तांबूस टर्कींपैकी एक नर कुंपण ओलांडून रानात पसार झाला. "तुम्ही तर या विषयातले तज्ज्ञ ना," तो शेतकरी हसत म्हणाला. "कोल्ह्याच्या आधी तुम्ही पकडलात, तर तुमचा."

मामा दोन दिवस जेवले नाहीत म्हटले तरी चालेल. जाळे हवे होते. त्यांच्याकडे नागपूरहून पस्तीस वर्षांपूर्वी आणलेली मच्छरदाणी होती. इंग्लंडात डास नसल्यामुळे ती घडीसकट कोरी राहिलेली. तिच्या पांढऱ्या रंगावर चहापत्तीच्या पाण्याचा हात फिरला, ती पानगळीच्या रंगाची झाली आणि एका फांदीखाली टांगली गेली. खाली मक्याचे दाणे पसरले. तिची दोरी इराच्या हातात दिली. गाडी चालवणारी म्हणून मलाही मागच्या झाडापाशी बसण्याची परवानगी मिळाली, अर्थात हिंगाची चौकशी होऊनच.

ती सकाळ मला अजून त्वचेवर आठवते. गवतावर दहिवर गोठून त्याची साखर झालेली. कुजलेल्या पानांचा, थंड लोखंडासारखा वास. आकाश धुतलेल्या तांदळाच्या पाण्याइतकेच उजळलेले. मामांनी करंड्याचे झाकण ओढले. क्यॉक्, क्यॉक्. मग मान तिरपी करून ते थांबले, आणि मला दिसले की ते रानाकडे पाहत नव्हते, इराकडे पाहत होते. तिचा हातमोज्यातला हात त्यांच्या गुडघ्यावर होता. तिने एकदा दाबले.

पुन्हा हाक. पुन्हा एकदाच. तिसऱ्या हाकेनंतरही एकदाच. मामांची बोटे गारठून निळी झाली होती. जी मुलगी घरी जेवणाच्या ताटावर चार मिनिटे बसत नाही, ती झाडाच्या खोडासारखी स्तब्ध होती. चौथ्या हाकेनंतर सारे पूर्वीसारखेच निःशब्द राहिले, निदान मला तरी तसेच वाटले. आणि इराने दोनदा दाबले.

मामांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले, ज्या नजरेने माणसे परदेशातून आलेले पत्र फोडण्याआधी पाहतात.

तो आला तो होली नावाच्या काटेरी झुडपांतून, डौलात, पिसांवर तांब्याच्या भांड्याची झाक आणि डोक्याच्या उघड्या कातडीवर लाल-निळी लाज घेऊन. मक्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. तो थेट करंड्याच्या दिशेने चालत होता, कुणीतरी आपले भेटल्यासारखा. मच्छरदाणीखाली आला, थांबला, मान उंचावली. इराने दोरी ओढली. थोडी फडफड झाली, आणि मग तो त्या जाळीत तापाने अंथरूण धरलेल्या एखाद्या संस्थानिकासारखा बसून राहिला.

"सूनबाई, तुला ऐकू आलं होतं, तो बोलला ते?" मामांनी विचारले.

"नाही, मामा."

"मलाही नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते कबूल केले. मग इराच्या टोपीवर हात ठेवून म्हणाले, "हिला आलं."

"आता त्याला कट करणार?" इराने विचारले.

"शिकार तुझी. तू सांग."

"त्याला त्याच्या लोकांकडे जायचं होतं. म्हणून तर तो आला ना?"

आम्ही तो परत नेला, तेव्हा शेतकऱ्याने पक्षी हातांवर तोलून पाहिला आणि नाक मुरडले. रानात भटकून तो इतका वाळला होता, की नाताळच्या टेबलावर ठेवण्याच्या लायकीचा उरला नव्हता. तो पुढे शेतकऱ्याच्या बदकांमध्ये सुखाने राहिला, असे ऐकते.

मामांनी शब्द पाळला. मार्चमध्ये ते स्टॅनमोरला गेले. आम्ही मे महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा ते मुलाच्या घरामागच्या पॅटिओच्या फरशीवर, दोन कुंड्या आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर करंडा होता. इरा शेजारी जाऊन बसली, न सांगता तिने हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. मामांनी झाकण ओढले. क्यॉक्, क्यॉक्. कुंपणापलीकडे कुणाचे तरी गवत कापायचे यंत्र चालू होते. बाकी काही नव्हते. त्यांनी मान तिरपी केली आणि तिच्याकडे पाहिले.

इराने दोनदा दाबले.

मामा खुर्चीत मागे टेकले. "बघ," ते समाधानाने म्हणाले, "इथंही आहेत. थांबावं लागतं फक्त."

परतताना गाडी हायवेला लागल्यावर इरा म्हणाली, "आई, पॅटिओ म्हणजे रान नाही ना?"

"नाही गं," मी म्हटले.